मोडणीसाठी मोजलेली ऊर्जा

परीक्षानळीतल्या या स्टार्चच्या द्रावणात आयोडिनचे थेंब पडले आणि ते गडद निळे झाले. आता त्यात थोडी लाळ मिसळली आहे. निळा रंग हळूहळू पुसट होतो, तांबूस छटेवर येतो आणि अखेर नाहीसा होतो, कारण लाळेतील अमायलेज या विकराने (एन्झाइमने) स्टार्चच्या लांब साखळ्यांचे लहान तुकडे केले आहेत. प्रत्येक सांधा तुटताना पाण्याचा एक रेणू कामी येतो. या तोडणीला वेगळी ऊर्जा लागत नाही.

जुळणी मात्र महाग असते. पडद्यावर दिसणारा रायबोसोम, म्हणजे पेशीतले प्रथिने घडवणारे यंत्र, आरएनएवरची अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचत पुढे सरकतो आणि 20 प्रकारच्या अमिनो आम्लांपैकी हवे तेच साखळीला जोडतो. माणसाच्या पेशीत हा वेग सेकंदाला साधारण 5 अमिनो आम्लांचा असतो.

या घडणीचे कौतुक पुष्कळ झाले. मोडणीला मात्र निव्वळ झीज समजले गेले, आणि हा तिच्यावर अन्याय आहे. 1930 च्या दशकात रुडॉल्फ शोएनहाइमर यांनी नायट्रोजनच्या जड समस्थानिकाची खूण असलेली अमिनो आम्ले प्रौढ उंदरांना खाऊ घातली. उंदरांचे वजन वाढले नाही, तरीही खुणेच्या नायट्रोजनचा मोठा वाटा त्यांच्या शरीरातील प्रथिनांत सापडला. म्हणजे नवी प्रथिने घडत असताना तेवढीच जुनी मोडली जात होती.

पेशीत टाकाऊ प्रथिनावर आधी युबिक्विटिनची खूण चढते. हे स्वतःच अवघ्या 76 अमिनो आम्लांचे एक प्रथिन आहे. मग प्रोटिएसोम नावाचे पिंपासारखे यंत्र त्या प्रथिनाची घडी उलगडून ते आत ओढते आणि त्याचे तुकडे करते. सांधा तुटायला ऊर्जा लागत नसतानाही पेशी इथे एटीपी, म्हणजे ऊर्जेचे आपले चलन, खर्च करते, कारण नेमके कोणते प्रथिन मोडायचे, ही निवड तिला विकत घ्यावी लागते. ही मोडणी अडली, तर पार्किन्सनसारख्या विकारांत दिसतात तसे प्रथिनांचे गोळे चेतापेशींत साचू शकतात.

आता या यीस्टच्या पेशी पाहा. त्या उपाशी ठेवलेल्या आहेत आणि त्यांच्यातील प्रथिने तोडणारी विकरे मुद्दाम काढून टाकलेली आहेत. मधल्या मोठ्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पिशवीत, बारीक कण सतत थरथरत आहेत. योशिनोरी ओसुमी यांनी सूक्ष्मदर्शकातून हेच पाहिले होते आणि त्यातून उभ्या राहिलेल्या संशोधनाला 2016 चे नोबेल मिळाले. पेशीने स्वतःचाच काही भाग पटलात गुंडाळून इथे आणून टाकला आहे. विकरे शाबूत असलेल्या पेशीत हे कण असे साचून राहत नाहीत. त्यांच्यातून सुटलेली अमिनो आम्ले रिक्तिकेबाहेर पडतात आणि रायबोसोमवर पुन्हा नव्या साखळीत जोडली जातात.