लाल ठिपक्याचा तांब्या

हा तांब्या बघा. बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिसतोय ना, तो 2010 सालचा आहे.

माझी आत्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळद निवडायला जायची, तिथं पोती उलटी केली की पिवळा धुरळा नुसता. तिला खोकला लागला, महिना झाला तरी थांबेना, मग एका लॅबमध्ये रक्त दिलं आणि रिपोर्टवर ठळक छापून आलं, टीबी आयजीएम पॉझिटिव्ह. झालं! वानलेसवाडीला टीबीचं सॅनिटोरियम होतं हे आमच्याकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना माहीत, त्यामुळं टीबी म्हटलं की पोटात गोळाच येतो. ताट वेगळं, तांब्या वेगळा. टीबी भांड्यातनं नाही, खोकल्यातनं हवेत पसरतो, हेही कुणी सांगितलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या, लघवी केशरी व्हायची, ती घाबरून रडायची. खोकला तसाच.

आता त्या रिपोर्टचं सांगते. आयजीएम ही एक अँटीबॉडी, आणि अँटीबॉडी म्हणजे जंतूशी लढायला शरीर जे बनवतं ते. आपल्याकडं टीबीचा जंतू कितीतरी लोकांच्या अंगात नुसता झोपून असतो, आजार नसतो पण अँटीबॉडी सापडू शकतात, बरं झालेल्यातही सापडतात, आणि उलट ज्याला खरंच टीबी आहे, त्यात एचआयव्ही असेल तर जास्तच, त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, मग तो माणूस निर्धास्त घरी जातो आणि पोराबाळांत खोकत राहतो. मला तर हे जास्त भयंकर वाटतं.

जुलै 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सरळ सांगितलं, या टेस्ट वापरू नका. जून 2012 मध्ये भारत सरकारनं आयात, उत्पादन, विक्री, वापर, सगळ्यावरच बंदी घातली. आत्यासाठी ही बंदी दोन वर्षं उशिरा आली.

रक्ताची इग्रा टेस्ट आजही करतात, पण ती अँटीबॉडीची नाही, लपलेल्या संसर्गासाठी आहे, आजार चालू आहे का ते तीही सांगत नाही. फुप्फुसाच्या टीबीला बेडकाच तपासायचा. सीबीनॅट, ट्रूनॅट मशीन त्यात जंतूचा डीएनए शोधतं, काही तासांत कळतं, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का तेही कळतं, आणि सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

आत्याचा बेडका शेवटी मिरजेत तपासला. टीबी नव्हताच, दमा होता. पहिल्यांदा तिनं डबीत नुसती लाळच दिलेली, तर नर्सनं दुसरी डबी हातात दिली आणि म्हणाली, "मावशी, सकाळी उठल्यावर चूळ भरा, बाहेर मोकळ्यावर उभं राहा, मोठा श्वास घ्या आणि छातीतनं खोकून काढा, तोंडातलं नको."