मराठीच्या तासाला पायथन: लघु, गुरु आणि ‘पुण्यात’

(पडद्यावर: सुंदर ते ध्यान)

तुकोबांच्या या चरणात अक्षरं ६. मोठ्या अभंगाचा साचाच तसा: ६, ६, ६ आणि शेवटी ४. पायथनला, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या भाषेला, मात्र लांबी विचारली की तो सांगतो, १४.

कारण तो अक्षरं मोजतच नाही, युनिकोडची (संगणकातल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या यादीतली) चिन्हं मोजतो. ‘ध्यान’मध्ये त्याला ध, पाय मोडल्याची खूण, य, काना आणि न अशी ५ चिन्हं दिसतात. शब्दांमधल्या मोकळ्या जागाही त्याने धरलेल्या असतात.

तेव्हा नियम मुलांनी लिहायचा. व्यंजनं (क्रमांक २३२५ ते २३६१) आणि सुटे स्वर (२३०८ ते २३२४) मोजा. पाय मोडल्याची खूण, म्हणजे २३८१, दिसेल तिथे एक वजा करा. ‘ध्यान’: तीनातून एक गेला, उरले दोन. ‘ॲप’मधला ॲ पार २४१८ वर बसलाय. अभंगात तो येणार नाही, मुलांच्या स्वतःच्या कवितेत येईल.

(पडद्यावर: मना सज्जना भक्तिपंथेचि जावे)

आता वृत्त. ऱ्हस्व ते लघु, दीर्घ आणि अनुस्वाराचं ते गुरु, पुढे जोडाक्षर आलं की त्याच्या आघाताने आधीचंही गुरु. ‘सज्जना’तला स असाच गुरु ठरतो. लघु-गुरु-गुरु चारदा: भुजंगप्रयात.

मग ‘पुन्हा’ येतं आणि प्रोग्रॅम चुकतो. तिथे पु-वर आघात पडत नाही, तो लघुच राहतो. न्ह-ला सरसकट सूट द्यावी, तर ‘चिन्ह’ चुकतं.

‘दुसऱ्या’त निदान लिपी मदत करते: ऱ-चं जोडाक्षर आधीच्यावर आघात देत नाही. पण काही कळफलक ऱ-ऐवजी र, पाय मोडल्याची खूण आणि ८२०५ हे अदृश्य चिन्ह टाकतात. कचरा समजून ते पुसलं, की ‘दुसर्या’ होतं आणि स गुरु. त्या तिघांच्या जागी आधी ऱ आणि पाय मोडल्याची खूण ठेवायची, मगच मोजणी.

सगळ्यात चिवट ‘पुण्यात’. पुणे शहरात असाल तर पु लघु, पाप-पुण्यातलं पुण्य असेल तर गुरु. लेखन एकच, त्यामुळे नियम कितीही वाढवा, उपयोग नाही. ‘दिव्यांनी’चंही तेच, दिवा की दिव्य?

अशा जागी प्रोग्रॅमने उत्तर ठोकून न देता प्रश्नचिन्ह छापावं. य किंवा ह-चं जोडाक्षर, आधी ऱ्हस्व: एवढी अट पुरते. मुलं ओळ मोठ्याने म्हणतात, ल की ग ते टंकतात, आणि प्रोग्रॅम तीन-तीन अक्षरांचे गण पाडतो.