484 व्या जागेवरचा बदल

नमस्कार श्रोतेहो.

"दोन्ही डोस घेतले, आधी एकदा होऊनही गेला होता, तरी कोरोना झालाच. मग लशीचा उपयोग काय?" 2022 च्या जानेवारीत ओमायक्रॉनची लाट आली तेव्हा हा प्रश्न घरोघरी विचारला गेला. प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर बरंचसं दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी शोधलं, म्हणून आज तिथलीच हकीकत सांगतो.

कोरोनाच्या विषाणूवर जे काटे दिसतात, ते स्पाइक नावाच्या प्रथिनाचे. एका प्रथिनात 1273 अमिनो आम्लं, साखळीसारखी जोडलेली. त्यातला दोनशेच्या आसपास आम्लांचा एक तुकडा आपल्या पेशीला पकडतो. लशीमुळे किंवा आधीच्या आजारामुळे तयार झालेली सर्वांत प्रभावी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, याच तुकड्यावर जाऊन बसतात. तो अडवला गेला की विषाणूला पेशीत शिरता येत नाही.

2020 संपता संपता दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात विषाणूचा नवा प्रकार सापडला. पुढे त्याला बीटा म्हणू लागले. त्यात स्पाइकच्या साखळीतली 484 वी जागा बदलली होती, आणि ती याच तुकड्यात येते. तिथे ऋण विद्युतभार असलेलं ग्लुटामिक आम्ल होतं, त्या जागी धन भाराचं लायसिन आलं. बदल एवढासा, पण भारच उलटा झाल्याने अनेक प्रतिपिंडांना तिथे घट्ट बसता येईना. त्याच सुमारास ब्राझीलच्या मनाऊस शहरात आलेल्या गॅमा प्रकारातही हाच बदल होता. पहिल्या लाटेत ते शहर होरपळून निघालं होतं, आता इथे दुसरी मोठी लाट येणार नाही असं अनेकांना वाटत होतं. जानेवारी 2021 मध्ये तिथे रुग्णालयांतला ऑक्सिजन संपला.

आता यातला पुण्याचा धागा. 1 फेब्रुवारी 2021 रोजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या अ‍ॅस्ट्राझेनेका लशीचे 10 लाख डोस जोहान्सबर्गला उतरले. आठवड्याच्या आत तिथल्या सरकारने त्यांचा वापर थांबवला, कारण एका छोट्या चाचणीत बीटामुळे होणारा सौम्य आणि मध्यम आजार ही लस फारसा रोखत नाही असं दिसलं होतं. पण चाचणीतली माणसं बहुतेक तरुण होती. गंभीर आजाराबद्दल त्या चाचणीतून काही कळणं शक्यच नव्हतं. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. लागण टळणं आणि जीव वाचणं या दोन गोष्टी आपण एकाच मापाने मोजत राहिलो.

नोव्हेंबर 2021 मध्ये ओमायक्रॉन आला. स्पाइकमध्ये तीसहून जास्त बदल! डर्बनमध्ये अ‍ॅलेक्स सिगल यांच्या प्रयोगशाळेने लस घेतलेल्यांच्या रक्तातला द्रव घेतला. तो टप्प्याटप्प्याने पातळ करत न्यायचा, प्रत्येक वेळी त्यात विषाणू मिसळायचा, मिश्रण पेशींच्या थरावर सोडायचं आणि बाधित पेशींचे ठिपके मोजायचे. ठिपके कमी, म्हणजे प्रतिपिंडं काम करताहेत. फायझरचे दोन डोस घेतलेल्यांत ओमायक्रॉनला अडवण्याची ताकद मूळ विषाणूच्या तुलनेत सुमारे 22 पटींनी घटलेली निघाली. आधी आजार होऊन गेलेला आणि लसही घेतलेली, अशांची ताकद घटली तरी त्यातल्या त्यात बरी उरली होती.

केप टाउनच्या शास्त्रज्ञांनी दुसरी बाजू तपासली, टी पेशींची, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची. या पेशी स्पाइकचे बारीक बारीक तुकडे ओळखतात, पार आतले, एरवी दडलेले असतात तेसुद्धा. शिवाय कोणते तुकडे ओळखले जातात हे माणसागणिक वेगळं. एवढ्या सगळ्यांना एकाच वेळी चकवणं विषाणूला जड जातं. ओमायक्रॉनविरुद्ध टी पेशींचा 70 ते 80 टक्के प्रतिसाद टिकून होता. टी पेशी लागण थांबवत नाहीत, बाधित पेशी मात्र नष्ट करतात. लस घेऊनही तापाने चार दिवस अंथरूण धरावं लागलेली आणि तरी ऑक्सिजनची गरज न पडलेली लाखो माणसं आपण पाहिली, त्यामागे याचा मोठा वाटा आहे.

एवढे बदल एका विषाणूत साठतात कुठे? एक शक्यता डर्बनमध्येच दिसली. एचआयव्ही बळावलेल्या एका व्यक्तीच्या शरीरात कोरोना सहा महिने टिकून राहिला. प्रतिकारशक्ती त्याला मारून टाकण्याइतकी नव्हती, पण थोडाफार दाब होता. त्या काळात त्याने प्रतिपिंडांना चकवणारे अनेक बदल जमवले. ओमायक्रॉन असाच जन्मला हे सिद्ध झालेलं नाही. पण त्या व्यक्तीची एचआयव्हीची औषधं बदलली, ती लागू पडली, आणि त्यानंतर कोरोनाही शरीरातून गेला. कॅन्सरवर उपचार चालू असलेले, मूत्रपिंड बदललेले, एचआयव्हीची औषधं सुटलेले असे रुग्ण आपल्याही आसपास आहेत. त्यांच्या घरात कुणाला खोकला-ताप आला तर मास्क लावा, आणि रुग्णाला ताप आला तर त्याच दिवशी तपासणी करून घ्या.