चमच्यातलं दूध आणि रस्त्यावरचा लांडगा

मंडळी, पत्रिकेत माझा विषय 'धर्म, विज्ञान आणि अनुभवाच्या मर्यादा' असा छापलाय. विषय मी दिलेला नाही, आयोजकांनी दिलाय. एवढा मोठा विषय बघितला की श्रोते आपोआप दोन गटांत बसतात. एका गटाला वाटतं आज देवाची खरडपट्टी निघणार, दुसऱ्याला वाटतं शेवटी 'विज्ञानालाही मर्यादा आहेत' असं म्हणून मी हात जोडणार. आधीच सांगतो, दोघांचीही थोडी निराशा होईल.

सुरुवात एका नवरा-बायकोच्या गोष्टीने करू. नवरा नास्तिक, बायको श्रद्धाळू. ती रोज म्हणायची, परलोक आहे, पापपुण्य आहे, एवढे शिकलेसवरलेले लोक सांगतात ते काय उगीच? नवरा कंटाळला. एका रात्री तो तिला घेऊन गावाबाहेर गेला आणि रस्त्यावरच्या मऊ धुळीत बोटं टेकवत लांडग्याच्या पावलांसारखे ठसे उमटवत आला. सकाळी तिथे ही गर्दी. गावातले जाणते लोक वाकून वाकून बघताहेत आणि म्हणताहेत, काल रात्री रानातून लांडगा आला असला पाहिजे, त्याशिवाय हे ठसे उमटायचे नाहीत. नवरा बायकोला हळूच म्हणाला, 'भद्रे, वृकपदं पश्य.' बाईसाहेब, बघा हे लांडग्याचं पाऊल, ज्याबद्दल विद्वान बोलताहेत!

हा श्लोक आठव्या शतकातल्या हरिभद्रसूरींच्या 'षड्दर्शनसमुच्चया'त, चार्वाकांचं मत सांगताना येतो, आणि गोष्ट टीकाकारांनी भरलीय. हरिभद्र स्वतः जैन आचार्य. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ सगळे गेले, पण त्यांचा विनोद त्यांच्या विरोधकांनी जपून ठेवला. आज आपण विरोधकाचं नीट वाक्यसुद्धा जपत नाही, ते असो.

चार्वाकाचं म्हणणं थोडक्यात असं, की जे इंद्रियांना कळतं तेवढंच जग. प्रत्यक्ष हे एकच प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं खात्रीचं साधन, अनुमान नाही. का नाही? इथे तो जे सांगतो ते ऐकून मी कॉलेजात असताना उडालो होतो. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त पहिलंच प्रकरण चार्वाकाचं आहे, त्यात हा युक्तिवाद सापडतो. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे आग आहे असं तुम्ही म्हणता. त्यासाठी 'जिथे जिथे धूर तिथे तिथे आग' हा नियम तुमच्या हातात हवा. या अभेद्य साहचर्याला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, व्याप्ती म्हणतात. ही व्याप्ती तुम्हाला कळली कशी? डोळ्यांनी म्हणाल, तर मागचे सगळे आणि पुढचे सगळे धूर तुम्ही पाहिलेले नाहीत. अनुमानाने म्हणाल, तर त्या अनुमानाला आणखी एक व्याप्ती लागणार, तिला आणखी एक. कुणी थोरामोठ्याने सांगितलं म्हणाल, तर तो खरं बोलतो हेही अनुमानच.

घरचं उदाहरण घ्या. शितावरून भाताची परीक्षा. माझी आई एक शीत बोटांत दाबायची आणि 'झाला भात' म्हणून गॅस बंद करायची. सगळं पातेलं तिने कधी चाचपलं नाही. परवा घरी कुणी नव्हतं म्हणून मी तोच प्रयोग केला. वरचं शीत लोण्यासारखं मऊ. जेवायला बसलो तर मध्ये कणी आणि तळाला करपलेला. म्हणजे 'एक शीत शिजलं की सगळा भात शिजला' या नियमाच्या पोटात बऱ्याच अटी लपलेल्या होत्या. मंद आच, बेताचं पाणी, जाड बुडाचं पातेलं. आईला त्या हाताने माहीत होत्या, मला माहीत नव्हत्या. अशा लपलेल्या अटीला आपल्याकडे उपाधी म्हणतात. जुन्या ग्रंथांतलं उदाहरण ओल्या सरपणाचं आहे. आग असली की धूर येतोच असं नाही, लाकडं ओली असली तर येतो. आता चार्वाक विचारतो, तुमच्या प्रत्येक नियमात अशी एखादी न दिसलेली ओली लाकडं नाहीत कशावरून? या प्रश्नाला छातीठोक उत्तर आजही कुणाकडे नाही. अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये डेव्हिड ह्यूमने वेगळ्या वाटेने हाच प्रश्न विचारला आणि युरोपची झोप उडाली.

आता दुसरी बाजू. दहाव्या-अकराव्या शतकातला मिथिलेचा उदयनाचार्य. माणूस जबरदस्त. त्याच्याबद्दल दंतकथा अशी, की जगन्नाथपुरीला दर्शनाला गेला तर देवळाचं दार बंद. तेव्हा त्याने देवालाच सुनावलं, 'ऐश्वर्याचा माज चढलाय तुला, पण बौद्ध समोर उभे राहिले की तुझं अस्तित्व माझ्या हातात असतं!' वादात देवाचं वकीलपत्र आपण घेतलंय याचा हा अभिमान. त्याने ईश्वरसिद्धीसाठी 'न्यायकुसुमांजली' लिहिली आणि त्यात चार्वाकाला असं धुतलंय की चार्वाकालाही हसू यावं. तो म्हणतो, जे दिसत नाही ते नाहीच असं धरलं, तर घराबाहेर पडलेल्या या बिचाऱ्याला बायको, मुलं, पैसाअडका काहीच दिसत नाही. म्हणजे ते सगळं नाहीसं झालं. मग त्याने घरी परतू नये, उलट तिथेच छाती बडवून रडत बसावं.

यातून उदयन जो मुद्दा काढतो, त्यासाठी मी आज इथे आलोय. न दिसणं हा नसण्याचा पुरावा केव्हा ठरतो? जी गोष्ट असती तर दिसलीच असती, ती दिसली नाही तेव्हाच. या टेबलावर हत्ती नाही हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण असता तर तुम्ही असे शांत बसला नसता. या टेबलावर जंतू नाहीत हे मात्र मी नुसत्या डोळ्यांनी बघून सांगू शकत नाही. पहिल्याला म्हणतात योग्य अनुपलब्धी, म्हणजे दिसण्याजोग्याचं न दिसणं. शब्द जड आहे, पण धर्म आणि विज्ञानाच्या भांडणात हा एक शब्द खिशात असला तर निम्मा आरडाओरडा वाचतो.

विज्ञान प्रत्यक्षावर चालतं, असं शाळेत शिकवतात. खोटं आहे ते. विज्ञान अनुमानावरच चालतं, फक्त ते अनुमान आधी पैज लावतं. पॅरिसचा गणिती ल व्हेरिए. युरेनस हा ग्रह ठरल्या वाटेवरून थोडा भरकटत होता. त्याने कागदावर हिशेब केला की पलीकडे न दिसलेला एक ग्रह त्याला ओढतोय, आणि आकाशात नेमकं कुठे बघायचं ते बर्लिनला कळवलं. पत्र 23 सप्टेंबर 1846 ला पोचलं आणि त्याच रात्री गाले या खगोलज्ञाला सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला. धूर दिसला, आग मिळाली.

पुढे बुध ग्रहही थोडा चुकतोय असं लक्षात आलं. त्याच ल व्हेरिएने 1859 मध्ये तीच युक्ती वापरली. सूर्य आणि बुध यांच्यामध्ये आणखी काहीतरी आहे. त्याच वर्षी आकाशनिरीक्षणाची हौस असलेल्या एका डॉक्टराने सूर्यबिंबावरून काळा ठिपका सरकताना पाहिल्याचं कळवलं, आणि त्या ग्रहाला व्हल्कन हे नावसुद्धा मिळालं. पण ग्रहणांत शोधलं, सूर्यबिंबावर शोधलं, खात्रीचा असा तो कुणाला मिळेना. ल व्हेरिए 1877 मध्ये वारला, योगायोगाने 23 सप्टेंबरलाच, आणि तोवर व्हल्कनवरचा त्याचा विश्वास ढळला नव्हता. 1915 मध्ये आइन्स्टाइनने दाखवलं की बुधाच्या कक्षेतला शतकाला 43 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) तो फरक कुठल्या ग्रहामुळे नाही, गुरुत्वाकर्षणाचा नियमच थोडा वेगळा आहे. माणूस तोच, युक्ती तीच, धूर तसाच, आणि या वेळी आग नव्हती. चार्वाक कोपऱ्यात बसून हसत असणार. पण व्हल्कन मेला कशाने? तो असता तर दिसला असता, असं त्याच्या जनकानेच कबूल करून ठेवलं होतं, म्हणून मेला.

मर्यादा आखायची घाई कशी अंगाशी येते, तेही सांगतो. ऑग्युस्त कॉम्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1835 मध्ये लिहिलं की तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीच कळणार नाही. कॉम्त हा अनुभववाद्यांचा महंतच, त्यामुळे वाक्य वजनदार. तो वारल्यावर दोनच वर्षांनी, 1859 मध्ये, किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी प्रकाशाच्या पट्ट्यातल्या रेषांवरून मूलद्रव्यं ओळखायची रीत बसवली. मग आलं 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहण. त्याचा पट्टा आपल्या कोकणावरूनच गेला होता. जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरहून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला, आणि पुढे त्यातल्याच एका पिवळ्या रेषेवरून हेलियमचा माग लागला. पृथ्वीवर हेलियम हाती आला तो थेट 1895 मध्ये. म्हणजे जे कधीच कळणार नाही म्हणून सांगितलं होतं, त्यातलं एक मूलद्रव्य आधी सूर्यावर सापडलं आणि मग घरी.

हेलियम म्हटल्यावर तुमच्यातले काही जण विजयदुर्ग म्हणणार हे मला ठाऊक होतं. किल्ल्यावर साहेबाचे ओटे दाखवतात, आणि लॉकियर साहेबाने तिथूनच हेलियम शोधला असं सांगतात. मीही भाषणांतून सांगितलंय. पण लॉकियरने ती रेषा पाहिली ऑक्टोबर 1868 मध्ये, इंग्लंडात, ग्रहण नसताना, आणि खरं कौतुक त्याचंच आहे. भारतात तो ग्रहणासाठी आला 1871 मध्ये, केरळातल्या बेकलच्या किल्ल्यावर. किल्ला होता, साहेब होता, ग्रहण होतं, फक्त आपलं नव्हतं. हे मी कबूल करतोय कारण विज्ञानवादी म्हणवणारे आपणही बहुतेक गोष्टी शब्दप्रमाणावरच, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरच, मानतो. अणू तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय?

तर मग देवाचं काय? उदयन बरोबर सांगतो की ईश्वर डोळ्यांना दिसण्याजोगा नाही, त्यामुळे तो दिसत नाही एवढ्यावरून तो नाही असं सिद्ध होत नाही. दुर्बिणीत देव दिसला नाही म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी हे मान्य करायला हवं. पण या सवलतीची किंमत असते. ज्याला खोटं पाडता येत नाही, त्याला प्रयोगशाळेतून साक्षीदारही बोलावता येत नाही. एकीकडे 'तो इंद्रियांच्या पलीकडे' म्हणायचं आणि दुसरीकडे 'विज्ञानानेही सिद्ध केलंय' अशी पोस्ट पुढे ढकलायची, हे उदयनाने एक क्षणही चालू दिलं नसतं. पुरंदर नावाचा एक चार्वाक होऊन गेला, त्याचं मत कमलशील या बौद्ध पंडिताने नोंदवलंय. पुरंदर म्हणतो, लोकव्यवहारातलं अनुमान आम्हालाही मान्य आहे, त्या वाटेच्या पलीकडे उडी मारणारं नाही. माझं मन पुरंदराकडे झुकतं. अडचण इतकीच की लोकव्यवहाराची वाट कुठे संपते, हे कॉम्तसारख्यालाही नीट सांगता आलं नाही.

आणि उदयनालाही शेवटचा शब्द मिळाला नाही, बरं का. तो म्हणाला होता, शंका कुठवर घ्यायची? आपल्याच वागण्याशी विसंगत होईपर्यंत. नंतरच्या नैयायिकांच्या उदाहरणांत सांगायचं तर, धुरासाठी आग पेटवायची, भूक लागली की जेवायचं, आणि वर कार्यकारणावर शंका घ्यायची हे चालणार नाही. बाराव्या शतकात श्रीहर्ष या वेदान्ती पंडिताने त्याचाच श्लोक उचलला, 'तुझीच ओळ चार अक्षरं बदलून म्हणतो' असं म्हणत ती फिरवली, आणि विचारलं, विसंगती शंका थांबवते कशी? विसंगती दाखवायला आधी शंका असावीच लागते. दीडशे-दोनशे वर्षांनी दिलेला एवढा देखणा टोमणा मी दुसरा वाचलेला नाही.

प्रश्नोत्तरात पुढच्या रांगेतल्या एका आजींनी हात वर केला. त्या म्हणाल्या, 'सर, 21 सप्टेंबर 1995 ला मी गणपतीच्या देवळात रांगेत होते. सोंडेला चमचा लावला आणि दूध गेलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ते प्रत्यक्ष नव्हतं का?'

मी म्हटलं, आजी, प्रश्न शंभर नंबरी आहे. चमच्यातलं दूध कमी झालं हे तुमचं प्रत्यक्ष, आणि ते खरंच होतं. 'देव प्यायला' हे अनुमान. काठोकाठ भरलेला चमचा दगडाला टेकला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळतं. पांढऱ्या संगमरवरावर तो थर दिसत नाही. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून ते दाखवलं. आणि देव चमचाभर दूध पितो असं म्हटलं की तुम्ही त्याला दिसण्याजोग्या गोष्टींत आणून बसवलंत, मग खाली ओघळ दिसला तर...

'ओघळाचं मला काय सांगता?' आजी म्हणाल्या. 'गाभाऱ्यातलं फडकं चार वेळा मीच पिळलं.'

मग रांगेत कशाला थांबलात, असं मी विचारलं.

'सासूबाईंचा नंबर यायचा होता ना.'