परगावी जिंकणारा संघ

मित्रहो, मुंबई सिटी एफसी या फुटबॉल संघाविषयी बोलण्यासाठी आपण मला बोलावले आहे. मी या संघाचा पहिल्या हंगामापासूनचा पाठीराखा असल्याने माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा कोणी ठेवणार नाही, असे धरून चालतो.

या संघाने इंडियन सुपर लीगमध्ये चार मोठी विजेतेपदे मिळवली. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी गोव्यात बांबोळीच्या मैदानावर एटीके मोहन बागानला २-० असे हरवून साखळीतील अव्वल स्थानाची शील्ड मिळाली आणि दोनच आठवड्यांनी, १३ मार्चला, फातोर्ड्याला त्याच प्रतिस्पर्ध्याला नमवून अंतिम सामन्याचा करंडक मिळाला. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी पुन्हा फातोर्ड्यालाच एफसी गोवावर ५-३ अशी मात करून दुसरी शील्ड निश्चित झाली, आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये दुसरा करंडक आला. चारही वेळा निर्णायक सामना परगावी झाला. पहिल्या दोन वेळी तर करोनामुळे सगळी लीग गोव्यात, बंद दरवाजाआड खेळवली गेली होती, त्यामुळे प्रेक्षकच नव्हते. ज्या शहराचे नाव हा संघ छातीवर मिरवतो, त्या शहराने आपला संघ विजेता ठरताना स्वतःच्या मैदानावर एकदाही पाहिलेला नाही. या गोष्टीला मी निव्वळ योगायोग मानत नाही, आणि आजचे माझे सगळे बोलणे तिच्याभोवतीच असेल.

मुंबईला फुटबॉल नवा नाही. रोव्हर्स करंडक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याच शहरात सुरू झाला, आणि कूपरेजच्या मैदानावर मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग यांना पाहण्यासाठी गर्दी करणारी एक पिढी इथे होऊन गेली. माझ्या पिढीच्या वाट्याला महिंद्रा युनायटेड आला. डेरिक परेरांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग आणि फेडरेशन करंडक असे दोन्ही मान मिळवले. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने संघ बंद केला. त्यानंतरची यादी लांबत गेली. भारत एफसी एका हंगामात आटोपला, पुणे एफसी गेला, डीएसके शिवाजियन्स गेला, खालिद जमील यांनी वर्षानुवर्षे तुटपुंज्या साधनांवर तगवून धरलेला मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला आणि संपला, तर एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादने घेतली. महाराष्ट्रातल्या फुटबॉल रसिकाला पराभवाची भीती तितकीशी वाटत नाही. हंगाम संपल्यावर आपला संघ शिल्लक असेल की नाही, ही धास्ती मात्र त्याच्या मनातून कधी जात नाही. कोलकात्याच्या माणसाला हे समजावून सांगणे कठीण आहे.

अशा वातावरणात २०१४ मध्ये रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांचा मुंबई सिटी आला, तेव्हा आम्ही साशंकच होतो. लीगच्या पहिल्याच सामन्यात कोलकात्याने आम्हाला ३-० असे लोळवले. पुढच्याच सामन्यात नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आंद्रे मोरित्झने लीगमधली पहिली हॅट्‌ट्रिक केली आणि पुण्याचा ५-० असा फडशा पाडला. त्या वर्षी फ्रेडी युंगबर्ग होता, निकोला अनेल्का होता. दुसऱ्या वर्षी अनेल्का खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही, आणि हा प्रयोग कोणाला सुचला असेल याचे नवल मला आजही वाटते. त्याच हंगामात सुनील छेत्रीने आमच्या निळ्या जर्सीत हॅट्‌ट्रिक केली, हीच काय ती जमेची बाजू. ती वर्षे फलकांवरच्या चेहऱ्यांची होती. मोठे नाव आणायचे, चार जाहिराती करायच्या आणि मधल्या फळीत चेंडू कोण अडवणार हा प्रश्न देवावर सोडायचा, असा एकंदर कारभार होता.

त्याला अपवाद २०१६ चा. अलेक्झांडर गिमाराएस यांनी संघाला बचावाची शिस्त लावली, दिएगो फोर्लानने केरळ ब्लास्टर्सविरुद्ध अंधेरीत तीन गोल केले आणि संघ साखळीत पहिला आला. पण साखळीत पहिल्या येणाऱ्याला शील्ड देण्याची पद्धत तेव्हा सुरूच झाली नव्हती. उपांत्य फेरीची पहिली लढत आम्ही कोलकात्यात ३-२ अशी हरलो. परतीच्या लढतीत अंधेरीला प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू पूर्वार्धातच बाहेर गेला, तरी दहा जणांविरुद्ध आम्हाला एकही गोल करता आला नाही. घरच्या मैदानावर काही मोठे घडण्याच्या इतके जवळ आम्ही त्याआधी कधी आलो नव्हतो. २०१८ नंतर जॉर्ज कोस्टा यांनी पुन्हा उपांत्य फेरी दाखवली, पण तिथे एफसी गोवाने अंधेरीत येऊन पाच गोल केले. त्या संध्याकाळविषयी अधिक न बोललेले बरे.

त्या पाच गोलांमागचा माणूस म्हणजे गोव्याचे तेव्हाचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, म्हणजे सिटी फुटबॉल ग्रुपने, आमच्या संघाचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि पुढच्या हंगामासाठी लोबेरांनाच मुंबईला आणले. त्यांच्यापाठोपाठ अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि ह्युगो बुमूस हेही गोव्याहून आले. गोव्याच्या मित्रांनी त्या वेळी आम्हाला जे शेलके आहेर दिले, ते व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाहीत. तो राग रास्तही होता, कारण त्यांचा तयार संसारच आम्ही उचलून आणला होता.

मात्र त्या हंगामाचे श्रेय केवळ पैशाला देणे मला मान्य नाही. बदल खेळाच्या मुळाशी झाला होता. पूर्वी आमचा गोलरक्षक चेंडू हातात आला की तो मैदानाच्या मध्यापलीकडे भिरकावत असे आणि मग नशिबाचा खेळ सुरू होई. लोबेरांच्या संघात चेंडू गोलरक्षकाकडून बचावपटूकडे, तिथून मधल्या फळीतून मागे उतरून आलेल्या जाहूकडे जाई. जाहू धावत असल्याचे फारसे दिसतच नसे. तो चेंडूवर तळवा ठेवून प्रतिस्पर्ध्याला अंगावर येऊ देई, आणि समोरचा दोन पावले पुढे सरकला, की त्याने मोकळी केलेल्या जागेतून लांब तिरका पास थेट बिपिन सिंगच्या धावेत पडे. घाईने चेंडू पुढे ढकलणाऱ्या भारतीय फुटबॉलमध्ये हे थांबणे विलक्षण होते. अंतिम सामन्यात मात्र शेवटच्या मिनिटाला साध्या लांब चेंडूनेच काम केले. त्या हंगामातला सर्वोत्तम गोलरक्षक ठरलेला अरिंदम भट्टाचार्य पुढे आला, चेंडू त्याच्या ताब्यातून निसटला, बार्थोलोम्यू ओग्बेचेने तो हिसकावून बिपिनकडे दिला आणि २-१ झाले. त्याच सामन्यात आमचा मुंबईचा पोरगा, अमेय रानवडे, डोक्याला मार लागून रुग्णवाहिकेतून बाहेर गेला होता. मैदानात रिकाम्या खुर्च्या होत्या आणि आम्ही आपापल्या घरांतून दूरचित्रवाणीसमोर ओरडत होतो.

आता राहुल भेकेविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण आमच्या संघाची आणि शहराची सगळी गोष्ट या एका खेळाडूत दिसते. भेके मुंबईचा, इथल्याच क्लबांमधून वर आलेला बचावपटू. १७ मार्च २०१९ रोजी लीगचा अंतिम सामना अंधेरीच्या मैदानावर झाला. आमच्या मैदानावर, पण आमच्याशिवाय. अतिरिक्त वेळेत एका कॉर्नरवर भेकेने हेडरने गोल केला आणि करंडक जिंकला तो बेंगळुरूने. मुंबईच्या मुलाने मुंबईच्या मैदानावर करंडक जिंकून दिला तो दुसऱ्या शहराला! पुढे तो आमच्याकडे आला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध आम्ही एका गोलने मागे होतो. दिएगो मॉरिसियोने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि पाच मिनिटांनी पुन्हा भेकेचे डोके चेंडूला लागले. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबाने मिळवलेला तो पहिला विजय होता, आणि तोही अर्थातच परदेशी. २०२४ चा करंडक त्याने कर्णधार म्हणून उचलला, आणि मग तो बेंगळुरूला परत गेला.

पुढचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांचा २०२२-२३ चा संघ लोबेरांच्या संघापेक्षा सरस होता, असे माझे ठाम मत आहे आणि त्यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. ग्रेग स्ट्युअर्ट, अल्बर्टो नोगेरा, होर्हे पेरेरा डियाझ आणि दोन्ही बाजूंनी लालियानझुआला छांगटे व बिपिन, असा तो वेगवान संच होता. सलग १८ सामने तो हरला नाही. २० सामन्यांत त्याने ५४ गोल केले. शील्ड हातात आल्यावर मात्र त्याने हात सैल सोडला आणि उपांत्य फेरीत बेंगळुरूने पेनल्टींवर बाहेर काढले. पुढच्या हंगामात बकिंगहॅम मध्येच इंग्लंडला गेले आणि पीटर क्रॅटकी आले. १५ एप्रिल २०२४ रोजी शील्डसाठी बरोबरीही पुरेशी असताना आम्ही कोलकात्यात २-१ असे हरलो. त्यानंतर नऊ दिवसांनी फातोर्ड्याला उपांत्य फेरीत नव्वदाव्या मिनिटापर्यंत ०-२ असे मागे होतो. तिथून छांगटे, विक्रम प्रताप सिंग आणि पुन्हा छांगटे, असे काही मिनिटांत तीन गोल झाले. परतीची लढत अंधेरीत २-० अशी जिंकली. अंतिम सामन्यात ज्या मैदानावर शील्ड गमावली होती तिथेच, त्याच मोहन बागानला ३-१ असे हरवले. माझ्या मते या संघाच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा विजय हाच, कारण तो खेळाडूंनी हिमतीवर खेचून आणलेला होता.

आता ज्यावरून माझे डोके फिरते त्या गोष्टीकडे येतो. अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलातल्या आमच्या मैदानात सात हजारांच्या आसपास प्रेक्षक बसतात. जागा छान आहे, प्रेक्षक मैदानाला खेटून असतात, वेस्ट कोस्ट ब्रिगेड या आमच्या पाठीराख्यांच्या गटाचे ढोल आणि घोषणा समोरच्या गोलरक्षकाच्या थेट कानात जातात. पण कोटीच्या वर वस्तीच्या शहराच्या विजेत्या संघासाठी सात हजार खुर्च्या? २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचा पहिला घरचा सामना आम्ही बालेवाडीला, पुण्यात खेळलो. सौदी अरेबियाच्या अल हिलालविरुद्धचा सामना नेरूळला झाला. त्यांचा नेमार दुखापतीमुळे आला नाही, आम्ही ०-२ असे हरलो, पण इतकी गर्दी एरवी आमच्या वाट्याला कधी आली नव्हती. म्हणजे मुंबईत प्रेक्षक आहे. त्याला बसवायला जागा नाही आणि त्याला दर आठवड्याला बोलावण्याची कोणाला निकडही नाही.

दुसरी तक्रार खेळाडूंची. बिपिन मणिपूरचा, छांगटे मिझोरमचा, फुर्बा लाचेन्पा सिक्कीमचा, आणि तिघांवरही माझा जीव आहे. ईशान्येने आम्हाला विजय दिले. परंतु नागपाड्याच्या मस्तान तलावावर, वांद्र्याच्या शाळांच्या मैदानांवर, परळच्या झेवियर्स मैदानावर संध्याकाळी जी मुले खेळतात, त्यांच्यातून पहिल्या अकरा जणांत दरवर्षी एक तरी यावा, अशी व्यवस्था दहा-अकरा वर्षांत उभी राहिली नाही. परदेशी मालकांकडे जगभरच्या अकादमींचे ज्ञान होते, ते मुंबईच्या गल्ल्यांपर्यंत झिरपले नाही.

आणि ते मालक आता गेलेही. भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. पुढे काय याचा पत्ता नसल्याने नेहमी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारी लीग सुरूच झाली नव्हती. त्याच डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने आपला हिस्सा मूळ मालकांकडे सोपवून निरोप घेतला. अनेक मित्रांनी त्यांना दूषणे दिली. मी देत नाही. सहा वर्षांत त्यांनी चार विजेतेपदे दिली आणि व्यवहार आतबट्ट्याचा दिसताच ते निघाले, जसे महिंद्राही निघाले होते. ज्या संघाला स्वतःचे मैदान नाही, गावातली मुले नाहीत आणि हंगामी तिकिटांवर हक्क सांगणारा मोठा प्रेक्षकवर्ग नाही, त्याचे आयुष्य मालकाच्या सबुरीइतकेच असते. मोहन बागानचे मालक बदलले तेव्हा हजारो सभासद रस्त्यावर येऊ शकत होते. आमच्याकडे सभासदच नाहीत.

म्हणून मूळ मालकांकडे माझे मागणे अगदी साधे आहे. पुढच्या हंगामासाठी परदेशी आघाडीपटू शोधण्याआधी त्यांनी राखीव संघाचे सामने कूपरेजवर, रविवारी सकाळी, शाळकरी मुलांना मोफत प्रवेश देऊन खेळवावेत. पाठीराख्यांना वर्गणी भरून सभासद होता यावे आणि त्यांचा एक प्रतिनिधी संघाच्या बैठकीत बसावा. मोठ्या सामन्यांसाठी नेरूळच्या स्टेडियमशी कायमचा करार करावा, आणि सामना संपल्यावर शेवटची लोकल मिळेल अशा वेळी तो सुरू करावा, कारण कल्याण-डोंबिवलीचा प्रेक्षक रात्री साडेसातच्या सामन्यातून ऐंशीव्या मिनिटालाच उठून जातो, आणि आमच्या संघाला तर नव्वदाव्या मिनिटानंतर गोल करण्याची सवय आहे.