गोधडीच्या आडून आलेला आवाज

नमस्कार मंडळी. जमत असेल तर हेडफोन लावा, नाहीतर निदान रेडिओ जरा जवळ ओढा आणि पंखा बारीक करा, कारण आज जे सांगायचंय ते सगळं बारीक आवाजांबद्दल आहे.

१९६७ च्या जुलैमध्ये लंडनहून एक रेकॉर्ड आली, द ५००० स्पिरिट्स ऑर द लेअर्स ऑफ द अनियन, म्हणजे पाच हजार आत्मे किंवा मग कांद्याचे पापुद्रे. बँडचं नाव इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड, स्कॉटलंडमधले दोघे, रॉबिन विल्यमसन आणि माइक हेरन. लोक त्याला सायकेडेलिक फोक म्हणतात, म्हणजे मुळात लोकगीताची चाल, पण ती मध्येच वाट सोडून भलतीकडे जाते आणि परत येते.

माझ्याकडे याची जुनी सीडी होती, कितीतरी वर्षं तीच ऐकली आणि मनापासून आवडली, पण आवाज असा की कुणीतरी गोधडीच्या आडून गातंय. मला वाटायचं की साठच्या दशकातलं रेकॉर्डिंग म्हणजे असंच असणार. मग रीमास्टर केलेली, म्हणजे मूळ टेपवरून आवाज नव्याने तयार केलेली सीडी हातात आली आणि पहिल्याच रात्री लक्षात आलं की दोष त्या काळाचा नव्हताच. होतं काय, मूळ मास्टर टेपवरून कॉपी, त्या कॉपीवरून आणखी कॉपी, आणि दर वेळी वरचे बारीक सूर थोडे पुसले जातात, टेपची सळसळ थोडी वाढते, शेवटी आपल्या हातात पोचते ती नातवाची पणती. २०१० मध्ये फ्लेजलिंग नावाच्या लेबलसाठी हे काम नव्याने केलं ते निर्माते जो बॉइड आणि इंजिनिअर जॉन वुड यांनी, आणि मला यातली मोठी गोष्ट ही वाटते की हीच दोन माणसं १९६७ मध्ये त्या खोलीत हजर होती. चेल्सीतला साउंड टेक्निक्स स्टुडिओ, पूर्वीची दूध डेअरी. त्यामुळे ते गाणं तेव्हा कसं वाजत होतं हे त्यांना अंदाजाने ठरवायचं नव्हतं, आठवायचं होतं.

आता जवळून ऐका. चायनीज व्हाइट नावाचं गाणं आहे, माइकचं. त्यात गिम्ब्री वाजते, मोरोक्कोतलं तंतुवाद्य, कातडं ताणलेलं. पहिली रेकॉर्ड १९६६ ला आली तेव्हा बँडमध्ये तिघं होते, नंतर क्लाइव्ह पामर बँड सोडून अफगाणिस्तान आणि भारताच्या वाटेला लागला, रॉबिन मोरोक्कोला गेला, पैसे संपले तेव्हा परत आला आणि येताना तिकडची वाद्यं घेऊन आला. गिम्ब्री खरं तर बोटांनी छेडायची, हा गडी तिच्यावर गज फिरवतो. जुन्या सीडीवर तो आवाज म्हणजे नुसती मागची कुरकुर होती. आता गज तारेला टेकतो ते कळतं, मग एक खरखर, मग त्या खरखरीतून सूर हळूहळू वर येतो, थोडा घसरतो, परत जागेवर बसतो. राजस्थानातलं गजाने वाजवायचं रावणहत्था ऐकलेल्या कानाला तो सूर लगेच ओळखीचा वाटेल. आणि यांनी ती खरखर धुवून काढली नाही याबद्दल मी त्यांचे किती आभार मानू! आजकाल रीमास्टर म्हटलं की सगळं चकचकीत करायचं, आवाज फुगवायचा, श्वाससुद्धा कापून टाकायचा, माणूस वाजवतोय याचा मागमूस ठेवायचा नाही, हे मला खरंच मान्य नाही.

आपल्याकडचा एक धागाही यात आहे. सतार आणि तंबोरा वाजवणाऱ्याचं नाव आहे सोमा. हे सोमा म्हणजे नझीर जयराजभॉय, हिंदुस्थानी रागांवर पुस्तक लिहिणारे अभ्यासक. त्या वर्षी लंडनमध्ये सतार बऱ्याच गाण्यांत यायची, पण बहुतेक वेळा नुसती फोडणीपुरती, इथे वाजवणाऱ्याला राग म्हणजे काय ते ठाऊक आहे. मिरजेच्या तंबोऱ्यावर कान तयार झालेल्यांनी मुद्दाम ऐकावं. रॉबिनचा गळाही बघा, एका शब्दावर चार-पाच स्वरांतून फिरून येतो. डॅनी थॉम्पसनचा डबल बास तर आता असा ऐकू येतो की तार सोडल्यावर लाकूड घुमतं तेसुद्धा कळतं.

हेजहॉगचं गाणंही यातच आहे. हा छोटा काटेरी प्राणी एका प्रेमात फसलेल्या माणसाला सांगतो की तुला शब्द सगळे येतात, सूरही येतात, पण गाणं काही तू शिकला नाहीस. हे गाणं कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे मुख्य धर्मगुरू, रोवन विल्यम्स यांनी बीबीसीच्या डेझर्ट आयलंड डिस्क्समध्ये निवडलं होतं, निर्जन बेटावर सोबत कुठली गाणी न्याल असं विचारतात तो कार्यक्रम. मला त्यात नवल वाटलं नाही, ते गाणं आहेच तसं.

पण आज मी लावणार आहे ते शेवटचं, वे बॅक इन द नाइन्टीन सिक्स्टीज. रॉबिनने हे लिहिलं तेव्हा साठचं दशक संपलंही नव्हतं, तो स्वतः तेविशीतला, आणि गाणं कुणाचं तर एका म्हाताऱ्याचं, जो पोरांना सांगतोय की आमच्या तरुणपणी असं होतं बघा, पिक्चर बघायला जायचो, बॉब डिलन नावाचा एक जण बरा गायचा. त्याच्या ९१ व्या वाढदिवसासाठी आजीने खऱ्याखुऱ्या अन्नाचे डबे आणून ठेवलेत, तेही जुन्या वस्तूंच्या दुकानातून, आणि ही गोष्ट तो गुपित म्हणून सांगतो. जुन्या सीडीवर मला ही गंमत वाटायची, आता आवाज इतका जवळ आलाय की त्यातला तरुण गळा आणि म्हातारे शब्द एकदम ऐकू येतात आणि पोटात कालवतं. रॉबिनचा जन्म नोव्हेंबर १९४३ चा, म्हणजे गाण्यातल्या म्हाताऱ्याचं वय तो २०३४ च्या नोव्हेंबरमध्ये गाठेल.

चला, लावतो. आवाज थोडा वाढवा.