80 रुपयांच्या पुढची गोष्ट

[दृश्य: पहाट. शाखेच्या दारात मिनीबस. हातात डबे घेऊन उतरणाऱ्या बायका.]

अजून नीट उजाडलेलंही नाही आणि इथं रांग लागली आहे. प्रत्येकीच्या डब्यात काल घरी लाटून वाळवलेले पापड. आधी ते तपासले जातात. जाडी सगळीकडे सारखी आहे ना? कडेला ओल राहिली नाही ना? मग वजन, मग लाटण्याची मजुरी. पुढच्या टेबलावर आजचं पीठ तोलून मिळतं. डबा पुन्हा भरतो आणि बाई घरी निघते, कारण मुलांची शाळा, स्वयंपाक आणि लाटणं हे सगळं तिला आजच उरकायचं असतं.

हे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड.

लिज्जतची गोष्ट सांगणारे 80 रुपयांपासून सुरुवात करतात. आम्हीही सांगतो, पण थोडक्यात. 15 मार्च 1959. गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात जणी जमल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्याच. समाजसेवक छगनलाल पारेख, म्हणजे सगळ्यांचे छगनबाप्पा, यांच्याकडून 80 रुपये उसने घेतले. तोट्यात गेलेला एक पापडाचा उद्योग होता, तो हाती घेतला. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या बाजारात खपली.

उसन्या पैशांवर पापड, मसाले, खानावळ सुरू करणाऱ्या बायका त्या काळच्या मुंबईत काही कमी नव्हत्या. बहुतेकींचा धंदा घर चालवण्यापुरता राहिला. मग हाच एवढा का वाढला?

[दृश्य: पाऊस. चाळीची गॅलरी, दोरीवर ओले कपडे.]

पहिल्या वर्षी पावसानं गाठलं. ऊन नाही म्हणजे वाळवण नाही. चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या पावसाळ्याआधी या बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. काम चालू राहिलं. मोठ्या कारखान्यात यालाच यंत्रसामग्रीतली गुंतवणूक म्हणतात.

दुसरी अडचण जागेची. तीन महिन्यांत सातच्या पंचवीस झाल्या होत्या. तिसऱ्या वर्षी आकडा तीनशेवर गेला. गच्ची तेवढीच. शेड भाड्यानं घ्यायची तर पैसा नाही, नव्या बायकांना परत पाठवायचं तर मन होत नाही. तेव्हा ठरलं: पीठ एका ठिकाणी मळायचं आणि लाटायला ज्याच्या-त्याच्या घरी द्यायचं.

आमच्या मते संस्थेचा खरा जन्म या निर्णयात आहे. कारखान्याला भिंती उरल्या नाहीत, त्यामुळे किती जणींना काम द्यायचं याला जागेची मर्यादाही उरली नाही. जिच्या घरी तान्हं मूल आहे किंवा अंथरुणाला खिळलेली सासू आहे, तिला बाहेर कोण नोकरी देणार? तिच्याकडे पोळपाट-लाटणं होतं आणि दुपारचे काही तास होते. एवढं पुरलं. अट एकच, घर स्वच्छ हवं आणि पापड पसरायला कोरडी जागा हवी. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहत असतील तर ही जागा आणायची कुठून? अशा बाईला पीठ मळायचं, पापड तपासायचं किंवा पॅकिंगचं काम मिळतं.

छगनबाप्पांचा सल्लाही इथं नोंदवायला हवा. सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करत, त्यातला एक स्वस्तातला. त्यांनी सांगितलं, एकच करा आणि तो उत्तम करा. हिशेब चोख ठेवा. तोटा झाला तरी देणगी घेऊ नका. हा शेवटचा सल्ला कडू होता, पण त्यामुळेच पापड चवीवर विकला गेला, दयेवर नाही.

[दृश्य: हिशेबाची वही. सह्या.]

1961 मध्ये मालाडला शाखा काढून पाहिली, ती चालली नाही. 1966 मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. 1968 मध्ये गुजरातेत वालोडला शाखा सुरू झाली, महाराष्ट्राबाहेरची पहिली. आज देशभरात सुमारे 45,000 जणी या कामात आहेत.

त्यांना इथं कामगार म्हणत नाहीत. त्या बहेन, आणि बहेन म्हणजे सभासद, मालक. नफा झाला तर वाटणी, तोटा झाला तर तोही वाटून. तीस वर्षं लाटणारी आणि गेल्या वर्षी आलेली, दोघींचा हिस्सा सारखा. पुरुष इथं आहेत, पण पगारावर: चालक, हिशेबनीस, मदतनीस. सभासद होता येत नाही. (हे ऐकून आमच्यातल्याच एकाचा चेहरा पडला होता.)

याला दुसरी बाजूही आहे. लाटलं तरच मजुरी. ताप आला, मनगट सुजलं, घरात लग्नकार्य निघालं की डबा रिकामा आणि त्या दिवसाची कमाईही गेली. नफ्याची वाटणी वर्षभराच्या हिशेबानंतर येते, औषधाचं बिल आजच द्यायचं असतं. मालक म्हणवून घेतल्यानं ही ओढाताण संपत नाही.

[दृश्य: लाटणाऱ्या हातांवर कॅमेरा. वेग तोच.]

एक लाटी. पोळपाटावर दाबली, दोनदा फिरवली, लाटणं मधून कडेकडे गेलं. काही सेकंदांत पापड पोळपाटावरून टोपल्यावर. बाई बोलायची थांबलेली नाही. आमच्याकडे बघतही नाही.

यंत्राचं संस्थेला वावडं नाही. वाशीला पिठाच्या गिरण्या आहेत, मसाल्यांचा विभाग आहे, गुणवत्ता तपासायला प्रयोगशाळा आहे. यंत्रानं लाटलेले पापडही बाजारात कधीचेच आलेत, ते स्वस्त पडतात आणि एकसारखे गोल असतात. इतर कुठल्याही कंपनीत हा हिशेब एका बैठकीत मिटला असता. इथं कारभार पाहणाऱ्या 21 जणींच्या समितीतल्या बायका या बहेनींमधूनच येतात. लाटणं काढून घ्यायचा ठराव मांडायचा, तर तो त्यांनाच मांडावा लागेल.